रकाना चौदा

प्रस्ताव चार प्रतींत जातो.
एक विद्यापीठाला, एक सहसंचालक कार्यालयाला,
एक पुण्याला,
चौथी माझ्या कपाटात राहते
आणि तिला सगळ्यांच्या आधी वाळवी मान्यता देते.

जिंतूरच्या या कॉलेजात एकवीस वर्षं झाली मला.
प्राचार्य बदलले, कायदा बदलला,
प्रपत्र ‘अ’चं प्रपत्र ‘क’ झालं,
रकाना चौदा तिथंच राहिला :
‘विद्यार्थिनींसाठी स्वतंत्र कक्ष : आहे / नाही.
लागू नसेल ते खोडा.’
मी ‘नाही’ खोडायचो. पट्टी लावून, सरळ.

दरसाल समिती यायची.
येताना औंढ्याला दर्शन, मग आमच्याकडं पोहे,
शाल, नारळ, प्रयोगशाळेतून एक चक्कर,
शेजारच्या ज्युनिअरच्या खुर्च्या आमच्यात मोजून व्हायच्या.
दुपारी सह्या.
वाईट माणसं नव्हती ती. त्यांच्याही कॉलेजात
माझ्यासारखा कुणी पट्टी घेऊन बसलेला असणार.

त्या खेपेला समितीत एक बाई होत्या.
डॉ. इंदुमती सोनकांबळे, वाणिज्य, देगलूरकडच्या.
पोहे राहू दिले. पाणी प्यायल्या दोन ग्लास,
आणि प्राचार्यांना सोडून मला विचारलं :
“मुलींची खोली कुठंय? मला जायचंय.”

खोली होती.
चावी माझ्याच ड्रॉवरात, रबरी शिक्क्यांच्या खाली.
मुंजाजीनं कुलपात गोडेतेल सोडलं,
म्हणाला, “बाई, आधी मी जातो. इंगळी असंल.”
दिवसभरात तेवढंच एक खरं बोललं गेलं होतं.

आत कधीकाळच्या उत्तरपत्रिका,
तीन पायांची बाकडी,
माजी अध्यक्षांची तसबीर, तोंड भिंतीकडं,
अनुदानातून आलेला सूक्ष्मदर्शक
खोक्याची पट्टीही न कापलेला.
नळ होता. नळाला टाकी
कधी जोडलीच नव्हती.

“मग पोरी कुठं जातात हो?”

कुणी बोलेना. बी.ए. दुसऱ्या वर्षाची
अनुसया पोटे दारात उभी होती.
वेळापत्रक सांगावं तसं तिनं सांगितलं :
“स्टँडवर. पाच रुपये घेतात.
नाहीतर पाणीच पीत नाही आम्ही
चारठाण्याच्या गाडीपर्यंत.”

बाईंनी पेन काढलं.
पंधरा पानांचा अहवाल.
त्यातलं एक ‘आहे’ खोडलं,
नुसत्या हातानं, वाकडं.

पुढचं कागदोपत्री असं :
अहवाल नांदेडहून पुण्याला, पुण्याहून मुंबईला गेला,
खाली आला तेव्हा त्याचं पत्र झालं होतं.
‘संलग्नीकरण एक वर्षासाठी, सशर्त.
त्रुटींची पूर्तता नव्वद दिवसांत.’
अध्यक्षांनी मला कारणे दाखवा दिली,
चावी माझ्याकडं होती म्हणून.
नोटीस मीच टाइप केली होती,
उत्तरही मीच केलं, त्याच मशीनवर.

नव्वद कशाला, अकरा दिवस लागले.
एक टाकी, बारा फूट पाइप,
आतून एक कडी.
अकरा दिवस.
हे रात्री कधी कधी आठवतं आणि मी कूस बदलतो.

यंदा प्रपत्र पुन्हा बदललंय. ऑनलाइन आलंय.
खोडायची सोयच ठेवली नाही त्यात,
चौकोनात नुसती टिचकी मारायची.
तेरा भरून झाले. चौदावर हात थांबला.
पाणी येतंय का बघावं म्हणून उठलो,
व्हरांडा ओलांडला,
लांबूनच दार वाजवलं.

आतून कुणीतरी वैतागून ओरडली :
“आहे ना! थांबा की जरा!”